चार वर्षांच्या आठवणीवर चालणारं कॉलेज

सीओईपीच्या, म्हणजे पुण्याच्या जुन्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या, माणसाला कॉलेजबद्दल काही विचारा, पहिलं वाक्य ठरलेलं: "आशियातलं तिसरं जुनं इंजिनीअरिंग कॉलेज." गिंडी १७९४, रूरकी १८४७ आणि मग आम्ही, १८५४. मीही हे वाक्य लग्नाच्या पंगतीत, रेल्वेत, चाकणला आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये बिनदिक्कत टाकत आलोय. समोरचा "अरे वा" म्हणतो आणि भात मागवतो.

त्याचं बरोबरच आहे. १८५४ या आकड्यात माझं कर्तृत्व काय? लातूरच्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला, टक्के बरे पडले, १९९६ साली डायरेक्ट सेकंड इयरला मेकॅनिकलला नाव लागलं. सर बार्टल फ्रियर यांनी कोनशिला बसवली तेव्हा आमचे पणजोबा अंबाजोगाईजवळ कुणाच्या तरी शेतात ज्वारी काढत असतील.

मला खरं नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. कॉलेज पावणेदोनशे वर्षांचं होत आलं, पण त्यातली पोरं कायम अठरा ते बावीसच्या मधलीच. दर चार वर्षांनी अख्खं गाव उठून जातं आणि नवं गाव वसतं. मास्तर राहतात, शिपाई राहतात, वडाची झाडं राहतात. पण ज्यांच्या जिवावर रेगाटा, म्हणजे नदीवरचा होड्यांचा सोहळा, होतो, नाटकं बसतात, रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर भांडणं होतात, त्यातलं कुणीच राहत नाही. फायनल इयरला माहीत असतं, थर्ड इयरनं केलेलं असतं, सेकंड इयर शिकत असतं आणि फर्स्ट इयर लांबून टाळ्या वाजवत असतं. परंपरा म्हणून आपण जी मिरवतो तिची खोली एवढीच, चार वर्षं. मधली एक फळी निसटली की संपलं.

इतिहास थोडा सांगतो, कारण त्याशिवाय सीओईपीवरचा लेख पूर्ण झाला असं कुणी मानत नाही.

जुलै १८५४मध्ये सुरू झालं तेव्हा नाव होतं 'पूना इंजिनीअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल'. कंपनी सरकारला रस्ते, पूल, कालवे, रेल्वे बांधायची होती आणि साहेबाच्या हाताखाली मोजमापं घेणारी, मजुरांवर लक्ष ठेवणारी माणसं हवी होती. म्हणजे सुरुवात सबऑर्डिनेट घडवण्यासाठी. हे आमच्या ग्रुपवर कुणाला आवडत नाही, पण आहे हे असं आहे. पुढच्या दहाएक वर्षांत त्याचं 'पूना सिव्हिल इंजिनीअरिंग कॉलेज' झालं. ५ ऑगस्ट १८६५ रोजी गव्हर्नर फ्रियर यांनी मुख्य इमारतीची कोनशिला बसवली. दगडी कमानींची ती इमारत अजून दिमाखात उभी आहे. तिच्यासाठी पैसे देणाऱ्यांत कावसजी जहांगीर रेडीमनी होते. पारशी शेटजींचा हात लागला नाही अशी त्या काळातली संस्था पुण्या-मुंबईत शोधून काढावी लागेल. मग शेतकीचे आणि जंगलखात्याचे वर्ग जोडले गेले आणि नाव झालं 'कॉलेज ऑफ सायन्स'. १९११मध्ये परत 'कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग, पूना'. आधी मुंबई विद्यापीठ, नंतर पुणे विद्यापीठ, मग स्वायत्तता, आणि २०२२पासून कॉलेज स्वतःच विद्यापीठ आहे, 'सीओईपी टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी'. एका गेटातून शिरून दुसऱ्या गेटातून बाहेर पडेपर्यंत संपणारं विद्यापीठ. पुण्यातले सत्तरीच्या पुढचे लोक अजून नुसतं 'इंजिनीअरिंग कॉलेज' म्हणतात. कुठलं, असं विचारायचं नसतं.

विश्वेश्वरय्या इथलेच, कॉलेज ऑफ सायन्सच्या दिवसांतले, १८८३चे. १५ सप्टेंबरला त्यांच्या फोटोला हार पडतो, भाषणं होतात, आणि भाषणांतले विश्वेश्वरय्या दरवर्षी थोडे अधिक देवासारखे होत जातात. मला ते देवापेक्षा नदीच्या संदर्भात जास्त जवळचे वाटतात. खडकवासल्याच्या धरणावर पाण्याची पातळी ठराविक उंचीच्या वर गेली की आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी १९०३मध्ये बसवले. खडकवासला मुठेवर. तीच मुठा खाली पुण्यातून वाहत येते आणि कॉलेजच्या अगदी शेजारी मुळेला मिळते. म्हणजे कॉलेजच्या सगळ्यात नामांकित विद्यार्थ्यानं ज्या नदीच्या पाण्याला शिस्त लावायचा प्रयत्न केला, त्याच नदीच्या उरलेल्यासुरलेल्या पाण्यात आम्ही होड्या चालवल्या.

आणि नावं हवी असतील तर भरपूर आहेत. १९५६ला टेलिकॉम करून पुढे स्टॅनफर्डला गेलेले थॉमस कैलाथ. वाईजवळच्या पसरणीहून आलेले बी. जी. शिर्के, ज्यांनी बालेवाडीचं क्रीडासंकुल बांधलं. १९६७च्या मेकॅनिकलच्या लीला पूनावाला. त्या वेळी मेकॅनिकलला मुलगी म्हणजे वर्कशॉपमधल्या लोकांनीही मान वळवून बघावं अशी गोष्ट. बास. नावांची यादी प्रत्येक कॉलेजाकडे असते.

बोट क्लब प्रत्येकाकडे नसतो.

१९२८चा बोट क्लब संगमाजवळ आहे. मुळात पुण्यात होड्या चालतात कशा, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला होता, कारण आमच्या मराठवाड्यात उन्हाळ्यात नदी म्हणजे वाळू आणि तिच्यात क्रिकेट. उत्तर खाली बंडगार्डनला आहे. तिथला बंधारा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बांधला गेला, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पैशाची त्याला मोठी मदत झाली, आणि त्या बंधाऱ्यामागचा पाण्याचा फुगवटा वर संगमापर्यंत येतो. धरणातून सोडलं न सोडलं तरी या पट्ट्यात होडी तरंगण्याइतकं पाणी राहतं. खाली बंडगार्डनपाशी साहेब लोकांचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८पासून होताच. आपल्या पोरांच्या हातात वल्ही यायला पुढची साठ वर्षं गेली.

पाणी म्हणालो खरं, पण त्या पाण्याबद्दल जरा स्पष्ट बोलायला हवं. फेब्रुवारीत, म्हणजे नेमकं रेगाट्याच्या तयारीच्या दिवसांत, नदीला वास येतो. रंग डाळीच्या वरणासारखा, आणि वर जलपर्णी. जलपर्णी लांबून हिरवीगार, जांभळी फुलं वगैरे असलेली दिसते आणि फोटोत छान येते. तिच्यात होडी घालून बघा. मुळं वल्ह्याला गुंडाळतात, वल्हं जड होतं, आणि हातातून सुटलं तर तुमच्याच पोटात येऊन बसतं. त्यामुळे रेगाट्याची खरी सुरुवात कुठल्याही उद्घाटनानं होत नाही. ती होते पाणी मोकळं करण्यानं. आम्ही दोरखंडाला बांबू बांधून, दोन होड्यांमध्ये तो ताणून, जलपर्णीचे तराफेच्या तराफे काठाकडे ओढत आणायचो. काठावरचे तो हिरवा चिखल हातांनी बाहेर काढायचे. संध्याकाळी हॉस्टेलवर गेल्यावर रूम पार्टनर म्हणायचा, "भाऊ, आधी आंघोळ, मग बोल."

भाऊ हा शब्द तिथं सगळ्यांसाठी. सीनिअरही भाऊ, ज्युनिअरही भाऊ, मेसवालाही भाऊ. पुढे माजी विद्यार्थ्यांनी कॉलेजमध्ये नवउद्योगांसाठी संस्था काढली तिचंही नाव 'भाऊ इन्स्टिट्यूट' ठेवलं. सूटबुटातल्या परदेशी पाहुण्यांना ते नाव कसं समजावून सांगत असतील याची मला आजही उत्सुकता आहे.

मी बोट क्लबात गेलो तो काही खेळाच्या ओढीनं नाही. डायरेक्ट सेकंड इयरवाल्यांची एक अडचण असते. बाकीच्यांचं पहिलं वर्ष एकत्र गेलेलं असतं, त्यांचे ग्रुप पडलेले असतात, आणि आपण मधूनच डब्यात चढलेले. वर्गात बारावीवाली पोरं मॅथ्समध्ये पुढे, आम्ही वर्कशॉपमध्ये पुढे, बोलणं मात्र कुणाशीच नाही. एका संध्याकाळी हॉस्टेलवरचा एक सोलापूरचा सीनिअर म्हणाला, "पोहता येतं का?" येत होतं. विहिरीत पाठीला डबा बांधून आमच्या काकांनी ढकलून दिलं होतं, त्याला शिकणं म्हणत असतील तर शिकलेलो होतो. "मग चल."

बोट क्लबात तुम्ही बारावीचे की डिप्लोमाचे, कुणाला घेणं नव्हतं. डावीकडचं वल्हं उजवीकडच्याबरोबर पडतंय की नाही, एवढाच प्रश्न. सुरुवातीला माझं पडत नव्हतं. हाताला फोड आले, ते फुटले, त्यावर परत आले. सीनिअर काठावरून आकडे ओरडायचा आणि मध्येच शिव्या, त्याही लयीत. आठवड्याभरात होडी सरळ जायला लागली. त्या सीनिअरला कुणी शिकवलं होतं? त्याच्या सीनिअरनं. त्याला? नाव माहीत नव्हतं, पण "लातूरकडचा एक होता, उंच" एवढी माहिती होती. त्याच्या मागचं काहीच नाही. तीन पिढ्यांत वंशावळ संपली, आणि वर बोर्डावर लिहिलेलं १९२८.

रेगाटा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. संध्याकाळी काठावर लोक गच्च भरतात, पोरांचे आईबाप, माजी विद्यार्थी, पुण्यातली हौशी कुटुंबं. पाण्यात होड्यांची अ‍ॅरो फॉर्मेशन होतात, होड्या एकमेकींना इतक्या जवळून छेदून जातात की काठावरच्या आया डोळे मिटतात. कयाक बॅले होतो, गाण्याच्या तालावर. पंटांवर, म्हणजे सपाट बुडाच्या होड्यांवर, दिवे आणि सजावट करून देखावे उभे करतात. हे सगळं देखणं असतं आणि सगळं महिनोन्महिन्यांच्या सरावाचं असतं. पण गर्दी थांबलेली असते मशालीसाठी.

मशाल डान्स म्हणजे अंधारात दोन्ही हातांत पेटलेल्या मशाली घेऊन त्या अशा फिरवायच्या की बघणाऱ्याला माणूस दिसू नये, नुसती आगीची चक्रं दिसावीत. एकानं फिरवली तर जत्रेतला खेळ. रांगेतल्या सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच वेगानं, एकाच दिशेला फिरवली तर वेगळंच काहीतरी होतं. खाली पाण्यात तीच चक्रं उलटी फिरतात.

करणाऱ्याला त्यातलं काहीही दिसत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. त्याला दिसतो फक्त स्वतःच्या नाकासमोरून जाणारा जाळ. कानात फर्र फर्र आवाज येतो, रॉकेलचा धूर डोळ्यांत जातो, आणि डोक्यात फक्त आकडे. एक-दोन-तीन-चार, बदल. आमच्या वेळी मशाल आम्हीच बांधायचो. जाड तारेच्या टोकाला जुन्या सुती चादरीच्या पट्ट्या घट्ट गुंडाळायच्या आणि वरून बारीक तारेनं आवळायच्या. पट्टी सैल राहिली तर फिरवताना पेटता तुकडा सुटून शेजाऱ्याच्या अंगावर जाणार. त्यामुळे प्रत्येकानं दुसऱ्याची मशाल ओढून बघायची, स्वतःची नाही, हा नियम. चादर टेरिकॉटची चालायची नाही, वितळते. हॉस्टेलमधल्या सुती चादरी जानेवारीपासून गायब व्हायला लागत आणि सगळ्यांना माहीत असे कुठे जातात ते. रॉकेलमध्ये बुडवून निथळू द्यायचं, निथळणं महत्त्वाचं, नाहीतर पहिल्याच फेरीत थेंब उडतात. सीनिअर एकच वाक्य सतत म्हणायचा, "मनगट फिरव, खांदा नको." खांद्यानं फिरवलं की वर्तुळ मोठं होतं, ताल जातो आणि पाच मिनिटांत हात भरून येतो. सराव आधी नुसत्या काठ्यांनी, मग विझलेल्या मशालींनी, आणि पेटवायची पाळी अगदी शेवटी. दोन्ही हातांवरचे केस मार्चपर्यंत परत उगवत नसत.

हे सगळं कुठेही लिहिलेलं नव्हतं. माझ्या माहितीत तरी नाही. ड्रॉइंग नाही, मॅन्युअल नाही. इंजिनीअरिंग कॉलेजात हे म्हणजे कमालच, पण होतं असं.

याच गोष्टीचा दुसरा, जरा जास्त शिकलेला नमुना म्हणजे 'स्वयम्'. मी पास होऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून पेपरात वाचूनच माहीत. २००८च्या सुमारास पोरांनी स्वतःचा उपग्रह बनवायचं मनावर घेतलं. साधारण एक किलो वजनाचा, हातात मावेल एवढा, हौशी रेडिओवाल्यांच्या संदेशांसाठी. आकाशात त्याची दिशा ठरवायला मोटरी वगैरे काही नाही. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेणारं चुंबक, वीज न खाणारी युक्ती. तो उडाला २२ जून २०१६ला, श्रीहरिकोटाहून, पीएसएलव्ही-सी३४मधून, वीस उपग्रहांच्या त्या गाजलेल्या उड्डाणात.

आता २००८ ते २०१६ हा हिशेब करा. ज्यांनी सुरू केलं ते २०१०-११पर्यंत पास होऊन नोकऱ्यांना लागले. ज्यांच्या हातून तो इस्रोकडे गेला ते सुरुवातीला शाळेत होते. मधल्या किती पोरांनी आपली दोन-तीन वर्षं त्याला दिली, सर्किट जाळली, परत केली, आणि ज्या दिवशी उडाला त्या दिवशी ती कुठल्यातरी ऑफिसात बसून मोबाइलवर बघत होती. मला विश्वेश्वरय्यांपेक्षा या मधल्या पोरांचं जास्त कौतुक आहे. सुरुवात करणाऱ्याचं नाव होतं, शेवट करणाऱ्याचा फोटो येतो. मधले नुसते फाइल्स नीट ठेवतात आणि पुढच्याला शिकवून निघून जातात. कॉलेजच्या चिन्हावर 'स्ट्रेंथ, ट्रूथ, एन्ड्युरन्स' असं लिहिलंय. पहिले दोन शब्द कुठल्याही शाळेच्या भिंतीवर सापडतील. तिसरा मात्र या मधल्यांचा.

फिरोदिया आणि पुरुषोत्तम या कॉलेजांच्या स्पर्धांत उतरणाऱ्या नाटकवाल्यांचंही तसंच, पण त्यांच्याबद्दल मी लिहिणं बरोबर नाही. मी एकदाच बॅकस्टेजला खिळे मारायला गेलो होतो आणि ते नाटकवाले मेकॅनिकलच्या माणसाला सुतार समजतात.

फळी निसटते म्हणजे काय, हे कोविडमध्ये जवळून दिसलं. माझा भाचा २०२०च्या बॅचचा. मामाच्या कॉलेजात नंबर लागला म्हणून घरात पेढे वाटले, आणि साहेबांनी पहिलं वर्ष अंबाजोगाईला, आजीच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, मोबाइलवर काढलं. त्या काळात कॉलेजच्या मैदानावर ८०० खाटांचं जंबो कोविड रुग्णालय उभं होतं. पोरं घरी. तो जेव्हा पुण्यात आला तेव्हा ज्यांनी मशाल स्वतः हातात धरलेली होती असे थोडेच उरले होते, आणि तेही निघायच्या बेतात.

एका रात्री साडेदहाला त्याचा व्हिडिओ कॉल.

"मामा, झोपलात का?"

"झोपलेला माणूस फोन उचलतो का रे?"

"मामा, ते चौथ्या काउंटला दिशा बदलताना उजवा हात वरून येतो का खालून?"

मी उठलो. हॉलमध्ये दिवा लावला. हातात काय घ्यावं म्हणून स्वयंपाकघरातून लाटणं आणि पळी आणली. फोन टीव्हीला टेकवून ठेवला आणि फिरवायला लागलो. डोकं विसरलं होतं पण मनगटाला आठवत होतं. हळू फिरवलं की चुकायचं, वेगानं फिरवलं की बरोबर यायचं. भाचा म्हणे, "मामा, हळू करा ना, दिसत नाही." हळू करता येत नव्हतं. मग त्यानं रेकॉर्ड केलं आणि तिकडे स्लो मोशनमध्ये बघितलं. उजवा खालून येतो. आमच्या बॅचला तरी यायचा. त्यांच्याकडे जुन्या रेगाट्यांचे व्हिडिओही होते, पण व्हिडिओ काठावरून काढलेले असतात, आणि मी वर म्हटलंच की काठावरून माणूस दिसत नाही, नुसती आग दिसते.

आमची ही बेडरूमच्या दारातून बघत होती. म्हणाली, "पळी वाकवलीत तर नवीन आणायची." आणि झोपायला गेली. लेकीनं तेवढ्यात लपून व्हिडिओ काढून तिच्या मैत्रिणींना पाठवला, ते मला नंतर कळलं. ती दुसऱ्या कॉलेजात आहे. तिच्या मते सीओईपीवाल्यांचा एक पंथ आहे आणि पप्पा त्याचे प्रचारक. तिच्या कॉलेजात वर्षाला एक मोठा गायक आणतात, प्रायोजकांच्या कमानी लागतात, आणि पोरं मजा करून घरी जातात. त्यात वाईट काही नाही. पण तिला मी विचारलं, "तुमच्या कार्यक्रमात तू काय करतेस?" ती म्हणाली, "बघते." या एका मुद्द्यावर तिचा बाप जिंकला असं मी समजतो, ती समजत नाही.

भाच्याच्या बॅचनं मशाल केली. मी गेलो होतो. दोन ठिकाणी रांग चुकली, आणि एका जागी सगळ्यांचा उजवा हात वरून आला. कोण्या एका बॅचनं वरून घेतला असणार आणि त्यांचा मामा जास्त लवकर उठला असणार. काठावरच्या कुणालाही ते कळलं नाही. माझ्या शेजारी बसलेला १९८०च्या आसपासचा एक माजी विद्यार्थी मात्र मला म्हणाला, "आमच्या वेळी असं नव्हतं." मी त्यांना विचारलं, तुमच्या वेळी उजवा कुठून यायचा? ते विचारात पडले. दोन्ही हात हवेत उचलून बघितले, मग म्हणाले, "आमच्यात बहुतेक डावा आधी जायचा."

आता विद्यापीठ झाल्यामुळे पुढची गोष्ट सुरू झालीय. चिखलीला नवीन जागा मिळालेली आहे. मी मोशीला राहतो, म्हणजे ती जागा आमच्या घराजवळच. शाखा वाढतील, पोरं वाढतील, कॅम्पस दोन होतील. जुन्या लोकांना काळजी की संगम सोडून गेलेल्या पोरांना बोट क्लबाचं काय. मला एवढी वाटत नाही. शिवाजीनगरहून चिखली काही परदेशात नाही, आणि सरावाला यायचं असेल तर पीएमपी आहे, मेट्रो अर्ध्यापर्यंत आहे. ज्याला जायचंय तो जाईल. नसेल जायचं तर संगमाच्या काठावर हॉस्टेल बांधलं तरी तो खोलीत बसून मोबाइल बघेल. खरी अडचण वेगळी आहे. इंटर्नशिपा आता सेकंड इयरपासूनच सुरू होतात. भाचा सांगत होता, जानेवारी-फेब्रुवारीच्या संध्याकाळी थर्ड इयरची निम्मी पोरं मुलाखतींच्या तयारीत. नेमकी शिकवणारी फळी. याला जलपर्णीसारखा बांबू लावता येत नाही.

आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यंदा वेगळीच चर्चा पेटली. कॅलिफोर्नियात असलेल्या एकानं मांडलं की आग धोकादायक आहे, आपण सगळ्यांनी पैसे काढून पोरांना एलईडी मशाली घेऊन द्याव्यात. रंग बदलतात, मोबाइलवरून कंट्रोल होतात. लगेच दुसरा खवळला की ही परंपरेची हत्या आहे. तिसऱ्यानं ड्रोन शोचा व्हिडिओ टाकला. दोन दिवस पंचेचाळीस-पन्नाशीच्या माणसांनी एकमेकांना अक्कल शिकवली. त्यातला एकही जण गेल्या दहा वर्षांत जलपर्णी ओढायला गेलेला नाही, मी धरून. मी लिहिलं की मशाल आगीची ठेवायची का दिव्याची हे आत्ताच्या सेकंड इयरला ठरवू द्या, फिरवायची त्यांना आहे. आपण दोरखंड आणि हातमोज्यांचे पैसे पाठवू आणि गप्प बसू. पैसे जमले. गप्प कुणी बसलं नाही.

एलईडीवाला अजून अडून आहे. परवा त्यानं परत लिहिलं, "विचार करा, रॉकेलचा वास तरी येणार नाही."

खाली सोलापूरच्या त्या सीनिअरचं उत्तर, त्यालाही आम्ही ग्रुपात घेतलाय: "भाऊ, मग नदीचा येईल."